सीमेवरील वृद्धाचा घोडा : एका चिनी म्हणीचा अर्थविचार

चिनी लोकांच्या बोलण्यात आणि लिखित वाङ्मयात सारखीच रुळलेली एक म्हण आहे. ‘सीमेवरच्या म्हाताऱ्याने घोडा गमावला, ते भाग्य नव्हे कशावरून?’ असा तिचा आशय. आजच्या चिनी उच्चारानुसार ती ‘साइ वंग श मा, येन च फेइ फू’ अशी काहीशी ऐकू येते. ‘साइ’ म्हणजे सरहद्दीवरील नाका अथवा तटबंदी, ‘वंग’ म्हणजे वृद्ध, ‘श’ म्हणजे गमावणे आणि ‘मा’ म्हणजे घोडा. व्यवहारात पुष्कळदा उत्तरार्ध उच्चारलाही जात नाही. पहिली चार अक्षरे कानी पडताच ऐकणारा उरलेले मनात पुरे करतो.

पदव्युत्तर वर्गात म्हणींच्या भाषांतराचा विषय निघाला असता मी ही म्हण विद्यार्थ्यांपुढे ठेवली. बहुतेकांनी तिच्यासाठी ‘इष्टापत्ती’ हा एकच शब्द सुचविला. शब्द नेमका वाटला, मलाही वाटला. पुढे मूळ संहिता पुन्हा वाचावयास घेतली, तेव्हा मात्र या नेमकेपणाविषयीच शंका येऊ लागली. प्रस्तुत लेखात त्या शंकेचा मागोवा घ्यावयाचा आहे. म्हण ही कथेचा सारांश असते असे आपण समजतो. येथे असे दिसते की म्हणीने कथेतील अर्धे विधान ठेवले आणि अर्धे टाकून दिले. आणि जे टाकले तेच इतिहासाच्या दृष्टीने अधिक मोलाचे होते.

१

ही कथा ‘हुआइनान-त्झू’ या ग्रंथाच्या अठराव्या प्रकरणात येते. हुआइनान या मांडलिक राज्याचा राजा ल्यू आन याच्या आश्रयास जमलेल्या विद्वानांनी हा ग्रंथ सिद्ध केला. वीस प्रकरणे आणि सर्वांचा गोषवारा देणारे एकविसावे, अशी त्याची रचना आहे. ल्यू आन हा हान राजवंशाचा संस्थापक ल्यू बांग याचा नातू. इ. स. पू. १३९ मध्ये त्याने हा ग्रंथ तरुण सम्राट वू याला अर्पण केला.

ग्रंथकर्त्याचे आयुष्य येथे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. ल्यू आनचा पिता राजद्रोहाच्या आरोपावरून हद्दपार झाला आणि इ. स. पू. १७४ मध्ये वाटेतच मरण पावला. दहा वर्षांनी, इ. स. पू. १६४ मध्ये, पित्याच्या राज्याचे तीन भाग करून त्यांतील एक ल्यू आनला देण्यात आला. पुढे इ. स. पू. १२२ मध्ये त्याच्यावरही बंडाच्या कटाचा आरोप आला, त्याने आत्महत्या केली आणि त्याचे राज्य खालसा झाले. हे सर्व कथेत शोधीत बसणे अनैतिहासिक ठरेल, कारण ग्रंथ अर्पण झाला तेव्हा शेवटचा प्रसंग घडावयाचाच होता. तथापि भाग्य आणि अनर्थ एकाच दाराने येतात हा विचार ज्या दरबारात लिहिला गेला, त्या दरबाराला तो केवळ तात्त्विक नव्हता, एवढे म्हणावयास हरकत नाही.

अठराव्या प्रकरणाचा विषय मानवी व्यवहार हा आहे. हानीतून लाभ, लाभातून हानी, स्तुतीतून नाश, दोषारोपातून रक्षण अशा उलटापालटींची उदाहरणे त्यात एकापुढे एक मांडली आहेत. चू राज्याचा मंत्री सुनशू आओ याने मरतेसमयी आपल्या मुलाला निकस आणि अशुभ नावाचीच जमीन मागून घेण्यास सांगितले, व कोणालाच नकोशी असल्यामुळे ती त्या घराण्याकडे टिकून राहिली, ही हकीकत याच प्रकरणातली. अनर्थ आणि भाग्य एकमेकांच्या आश्रयाने राहतात हा विचार त्याआधी ‘लाओ त्झू’च्या अठ्ठावन्नाव्या प्रकरणात सूत्ररूपाने आलेला आहे. ‘हुआइनान-त्झू’ने त्या सूत्राला माणसे, घोडे आणि गाव दिले.

२

कथा अशी. सरहद्दीजवळ राहणाऱ्या लोकांत शकुनविद्येत निपुण असा एक जण होता. त्याचा घोडा काही कारण नसता पळून पलीकडे हू लोकांच्या मुलुखात गेला. सर्वांनी येऊन दुःख व्यक्त केले. त्याचा बाप म्हणाला की, हे भाग्य ठरणार नाही असे कशावरून? काही महिन्यांनी तो घोडा हू लोकांचे उत्तम घोडे बरोबर घेऊन परत आला. सर्वांनी अभिनंदन केले. बाप म्हणाला की, हा अनर्थ ठरणार नाही असे कशावरून? घरात चांगले घोडे झाले, मुलाला घोडदौडीचा नाद लागला, आणि तो पडून त्याची मांडी मोडली. लोक पुन्हा सांत्वनाला आले. बापाने पहिलाच प्रश्न पुन्हा केला. वर्षभराने हू लोक मोठ्या संख्येने सरहद्द ओलांडून आत आले. धडधाकट पुरुषांनी धनुष्ये ओढून लढाई दिली; आणि सरहद्दीजवळच्या लोकांतील दहांपैकी नऊ मेले. केवळ मुलगा लंगडा होता म्हणून हे बापलेक एकमेकांना उरले. शेवटी ग्रंथकार म्हणतो की, भाग्याचा अनर्थ आणि अनर्थाचे भाग्य होण्याच्या या क्रियेचा अंत लागत नाही आणि तिची खोलीही मोजता येत नाही.

येथे भाषेच्या अभ्यासकाचे लक्ष दोन गोष्टींकडे जाते. पहिली ही की, ज्या शब्दाने आज ही म्हण ओळखली जाते तो ‘वंग’, म्हणजे वृद्ध, हा शब्द मूळ कथेत नाही. तेथे ‘त्याचा बाप’ एवढेच आहे. कोणाचा बाप? शकुन जाणणाऱ्याचा म्हणावा, तर पुढे येणारा मुलगा हा त्या शकुनज्ञाचाच की त्याचा पुत्र, हा प्रश्न उरतो. घोडेस्वार मुलाचा म्हणावा, तर शकुनज्ञ हाच बाप ठरतो. शिवाय ‘बाप’ या अर्थाचे जे चिनी अक्षर आहे तेच निराळ्या स्वराघाताने उच्चारले असता ‘वडीलधारा पुरुष’ असाही अर्थ देते. उत्तरकालीन वाचकांनी ही अडचण एका म्हाताऱ्याची प्रतिमा उभी करून मिटविली. तेवढ्याने कथा सुबोध झाली खरी. पण मूळ संहितेच्या एका वाचनानुसार भविष्य जाणण्याची विद्या एकाकडे होती आणि शहाणपणाचा प्रश्न विचारणारा दुसराच होता, हा सूक्ष्म भेद त्या सुबोधतेत लोपला.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. बाप तिन्ही वेळा प्रश्न करतो. विधान एकदाही करीत नाही. ‘हे भाग्य आहे’ असे तो म्हणत नाही, आणि ‘हे भाग्य होईल’ असेही म्हणत नाही. या प्रश्नाच्या आरंभी ‘ह-च्यू’ असे जोडपद येते. त्यातील ‘ह’ म्हणजे काय अथवा कसे. ‘च्यू’ या पदाचा एक अर्थ तत्काळ, घाईने असा आहे. दुसऱ्या मताने ते येथे पहिल्याच प्रश्नार्थक पदाला बळकटी देते. पहिला अर्थ घेतला तर बापाचा आक्षेप शेजाऱ्यांच्या घाईवर आहे; दुसरा घेतला तर त्यांच्या खात्रीवर आहे. कोणत्याही अर्थाने तो निर्णय देत नाही, निर्णय लांबणीवर टाकतो. आणि तो दोन्ही दिशांनी टाकतो: सांत्वनाला आलेल्यांपुढे, तसाच अभिनंदनाला आलेल्यांपुढेही. रूढ म्हणीत मात्र अभिनंदनाच्या वेळचा प्रश्न नाही. घोडा गमावल्याचे दुःख हलके करणारा भाग तेवढा शिल्लक राहिला. घोडे मिळाल्याचा आनंद रोखणारा भाग गळाला.

३

या कथेचे वैशिष्ट्य तिच्या शेजारच्या कथेवरून उठून दिसते. त्याच प्रकरणात तिच्या लगत आधी दुसरी एक कथा आहे. सुंग राज्यातील एका सदाचरणी घराण्यात काळ्या गाईला पांढरे वासरू झाले. एका ज्ञानी पुरुषाने ते शुभचिन्ह ठरवून देवांना बळी देण्यास सांगितले. वर्षाने घरचा बाप आंधळा झाला. पुन्हा तसेच वासरू झाले, पुन्हा तोच सल्ला मिळाला, आणि मुलगाही आंधळा झाला. पुढे चू राज्याने सुंगच्या राजधानीला वेढा घातला. हा वेढा इतिहासप्रसिद्ध असून तो इ. स. पू. ५९५ ते ५९४ या काळातला आहे. धडधाकट पुरुष मेले, म्हातारे, आजारी आणि मुले तटावर चढली. हे दोघे आंधळे म्हणून त्या कामातून सुटले. वेढा उठताच दोघांनाही दिसू लागले. हीच कथा ‘ल्ये-त्झू’ या ग्रंथातही आढळते.

दोन्ही कथांचा सांगाडा एकच आहे: बाप आणि मुलगा, शरीराचे व्यंग, युद्ध, आणि व्यंगामुळे जीवरक्षण. परंतु सुंगच्या कथेत घराणे तीन पिढ्या सदाचरणी आहे, चिन्ह दैवी आहे, आणि शेवटी दृष्टी परत मिळते. हिशेब पुरा होतो. सीमेवरच्या कथेत कोणाच्या पुण्याचा उल्लेख नाही. घोडा ‘काही कारण नसता’ पळतो. देव नाहीत, बळी नाही, आणि मोडलेली मांडी शेवटपर्यंत मोडलेलीच राहते. ग्रंथकारांनी या दोन कथा शेजारी ठेवल्या तो केवळ योगायोग नसावा असे मला वाटते. पहिलीत सहन केल्याचे फळ मिळते. दुसरीत फळ हा शब्दच लागू पडत नाही, केवळ घटना एकीमागून एक येत राहतात. रूढ म्हणीला जो धीर द्यावयाचा आहे तो खरे पाहता पहिल्या कथेत आहे. तिने नाव मात्र दुसरीचे उचलले.

४

आता कथेतील सरहद्दीकडे वळू. कथा हे दप्तर नव्हे; त्यातील स्वारी अमुक सालची असे ठरविता येत नाही. परंतु कथा रचणारे आणि ऐकणारे कोणत्या सरहद्दीची कल्पना मनात बाळगून होते, हे सांगता येते. हू म्हणजे त्या काळी मुख्यतः शिओंगनू हे उत्तरेचे अश्वारोही लोक. इ. स. पू. २०० मध्ये त्यांनी खुद्द ल्यू बांगला हल्लीच्या दातोंगजवळ बायदेंग येथे सात दिवस कोंडले होते. त्यानंतर हान दरबाराने राजघराण्यातील वधू, रेशीम आणि धान्य पाठवून शांतता राखण्याचे धोरण धरले. शांतता राहिली, पण अखंड नव्हे. इ. स. पू. १६६ मध्ये शिओंगनूंचे एक लक्ष चाळीस हजार स्वार आत घुसल्याची नोंद इतिहासकार सिमा छ्यान याने केली आहे, इ. स. पू. १५८ मध्ये पुन्हा दोन बाजूंनी स्वाऱ्या झाल्या. ग्रंथ अर्पण झाला तेव्हा या आठवणी ताज्या होत्या.

अशा सरहद्दीवर घोडा म्हणजे काय वस्तू होती? सिमा छ्यान सांगतो की, हान सत्तेच्या आरंभी सम्राटाच्या रथालाही एका रंगाचे चार घोडे मिळत नसत आणि मंत्र्यांना बैलगाडीतून जावे लागे. सम्राट वेन याच्या कारकिर्दीत (इ. स. पू. १८०–१५७) छाओ त्सुओ या मुत्सद्द्याने सादर केलेल्या एका निवेदनात असा नियम नमूद आहे की, ज्या घराजवळ रथास अथवा स्वारीस योग्य असा एक घोडा असेल त्या घरातील तिघांना सूट मिळावी. ही सूट प्रत्यक्ष लष्करी सेवेची की तिच्या ऐवजी द्यावयाच्या पैशाची, याविषयी प्राचीन भाष्यकारांत मतभेद आहे. काही असो, घोडा जाणे म्हणजे केवळ एक जनावर जाणे नव्हते, सरकारी बोजाविरुद्धचे एक संरक्षण जाणे होते. शेजारी सांत्वनाला आले ते उगाच नव्हे.

या नियमाच्या प्रकाशात कथेचा शेवट निराळाच दिसतो. जे संरक्षण निरोगी घोड्याने द्यावयाचे ते शेवटी मोडक्या मांडीने दिले. व्यंग हे सेवेतून सुटण्याचे मान्य कारण होते याला स्वतंत्र पुरावा आहे. १९७५ मध्ये हुबेइ प्रांतात श्वेहूदी येथे इ. स. पू. २१७ च्या सुमाराच्या एका थडग्यात बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेले छिन राज्याचे कायदे सापडले. त्यांत नोंदवहीत एखाद्याला खोटेपणाने अपंग दाखविल्यास गावच्या मुखियांना दंड सांगितला आहे. ज्या गोष्टीची लबाडी होत असे तिला किंमत होती, हे उघड आहे. मोडलेली मांडी ही हान श्रोत्याला काव्यकल्पना वाटली नसेल. ती त्याला सरकारी नोंदवहीतील एक रकाना वाटली असेल.

छाओ त्सुओनेच आणखी एक सूचना केली होती. वर्षभराच्या पाळीने येणाऱ्या शिपायांऐवजी सरहद्दीवर कायमची कुटुंबे वसवावी, म्हणजे ती आपली घरेदारे वाचविण्यासाठी स्वतःच लढतील. कथेतही नेमके हेच घडते. लढतात ते राजाचे सैन्य नव्हे, सरहद्दीजवळ राहणारे धडधाकट गावकरी. दहांपैकी नऊ मेले हा आकडा मोजून काढलेला नाही, तो म्हणीसारखा ठोकळ आहे. पण तो ज्यांच्याविषयी आहे ते लोक कथेत आधी दोन वेळा दुःख व्यक्त करण्यास आणि एकदा अभिनंदन करण्यास आलेलेच लोक आहेत. बापाच्या दाराशी चौथ्यांदा कोणीच आले नाही, कारण येणारे फारसे उरले नव्हते. कथा हे सांगत नाही. तिच्या रचनेतून ते निघते. आणि म्हणूनच शेवटचा प्रसंग बापाच्या प्रश्नाविना आहे. तेथे ‘हे भाग्य’ असे म्हणण्यास तो धजला असता काय?

५

पुढे या कथेचे काय झाले ते भाषांच्या तुलनेवरून समजते. सुंग राजवंशाच्या काळातील (इ. स. ९६०–१२७९, हे नाव आणि वर आलेल्या प्राचीन राज्याचे नाव एकच असले तरी दोन्ही भिन्न) काव्यात ‘सीमेवरच्या म्हाताऱ्याने घोडा गमावला’ हा शब्दबंध रूढ झालेला दिसतो. चिनी भाषेने क्रियापद ठेवले: गमावणे. त्यामुळे म्हण हानीच्या प्रसंगी उपयोगी पडू लागली आणि सांत्वनाचे वाक्य बनली.

जपानीत हीच कथा ‘निंगेन बांजी साइओ गा उमा’ अशी म्हणीत बसली. आशय असा की, मानवी जगातील सर्व गोष्टी त्या सीमेवरच्या म्हाताऱ्याच्या घोड्यासारख्या. कोरियन भाषेत ‘से-ओंग-जि-मा’, म्हणजे सीमेवरच्या म्हाताऱ्याचा घोडा, एवढेच आहे. या दोन्हींत ‘गमावणे’ नाही. षष्ठी आहे, क्रियापद नाही. घोडा गेलाही नाही आणि आलाही नाही. तो जाणारा-येणारा आहे. म्हणून जपानी माणूस ही म्हण यश मिळालेल्या मित्रालाही सावध करण्यासाठी वापरू शकतो. मूळ कथेतील दोन्ही दिशांचा प्रश्न चिनी म्हणीपेक्षा तिच्या जपानी आणि कोरियन भावंडांत अधिक शाबूत राहिला, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. उगमभाषेतील रूप तेवढे मूळाला जवळचे असते, या समजुतीला हे एक साधे प्रत्युत्तर आहे.

इंग्रजीत ही कथा मुख्यतः विसाव्या शतकात पसरली. लिन युतांग यांनी १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘द इम्पॉर्टन्स ऑफ लिव्हिंग’ या पुस्तकात ती सांगितली, पण ‘ल्ये-त्झू’च्या नावावर, वर सांगितलेली आंधळ्या बापलेकांची कथा त्या ग्रंथात आहे, हे लक्षात घेतले म्हणजे ही गल्लत कशी झाली असावी याचा अंदाज येतो. त्यांच्या कथनात युद्ध सुरू होते आणि लंगड्या मुलाला आघाडीवर जावे लागत नाही, येथे गोष्ट संपते. पुढे ॲलन वॉट्स (१९१५–१९७३) यांच्या व्याख्यानांतून ती एका शेतकऱ्याची गोष्ट म्हणून लोकप्रिय झाली. तेथे भरतीचे अधिकारी येतात, मुलाला वगळतात आणि शेतकरी ‘कदाचित’ म्हणतो. सरहद्द गेली, हू गेले, आणि दहांतील ते नऊ जणही गेले. उरली ती मनःशांतीची शिकवण.

६

आता ‘इष्टापत्ती’कडे परत येऊ. हा शब्द मुळात न्यायशास्त्राच्या परिभाषेतला. तुमचे मत मानले तर अमुक आपत्ती ओढवेल असे प्रतिपक्षाने म्हणावे, आणि ती आपत्ती आम्हांस इष्टच आहे असे वाद्याने उत्तर द्यावे, या स्थितीस इष्टापत्ती म्हणतात. मराठीने तो वादातून उचलून जीवनात आणला: वाईट म्हणून आले आणि चांगले ठरले ते सर्व इष्टापत्ती. दोन्ही अर्थांत एक गोष्ट समान आहे. निर्णय झालेला असतो. शास्त्रातला वादी आणि घरातला माणूस दोघेही ‘हे इष्टच’ असे म्हणून प्रकरण मिटवितात. सीमेवरचा बाप नेमके हेच करावयाचे नाकारतो. म्हणून रूढ चिनी म्हणीचे भाषांतर ‘इष्टापत्ती’ या शब्दाने बऱ्यापैकी होते. ज्या कथेतून ती म्हण निघाली त्या कथेचे मात्र होत नाही.

म्हणीवर दोष ठेवण्याचा माझा हेतू नाही. ज्याचे घर बुडाले, ज्याची नोकरी गेली, त्याला धीर देण्यास चार अक्षरे पुरी पडत असतील तर ती अक्षरे आपले काम चोख करीत आहेत. परंतु इतिहासाचा पुरावा म्हणून म्हण वापरताना तिने काय वगळले हे विचारणे अभ्यासकाचे कर्तव्य आहे. येथे तिने दोन गोष्टी वगळल्या. एक, लाभाच्या वेळी विचारलेला प्रश्न. दुसरी, सरहद्दीवर मेलेले शेजारी. पहिलीचा लोप झाल्याने संशयाचे रूपांतर आश्वासनात झाले. दुसरीचा लोप झाल्याने एका घराच्या बचावाला सर्वांच्या भाग्याचे रूप आले. ‘हुआइनान-त्झू’चा कर्ता बापलेक उरल्याचे सांगतो, ते आनंदाने राहिले असे सांगत नाही. यापुढे वर्गात ही म्हण शिकविताना फळ्यावर चार अक्षरे लिहून थांबणे मला जमणार नाही; तीन प्रश्न आणि न आलेले शेजारी, हेही त्यांच्याबरोबर लिहावे लागेल.